एक काम, बावीस रोज

‘१२ मजूर एक काम १५ दिवसांत पूर्ण करतात. तेच काम १० मजूर किती दिवसांत पूर्ण करतील?’

सातवीत शिष्यवृत्तीच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर आलं, आणि मी हात वर करून विचारलं, ‘गुरुजी, कोणतं काम?’ वर्ग हसला. गुरुजी रागावले नाहीत. ‘कोणतंही घे गं, उत्तर तेच येतं,’ म्हणाले आणि पुढच्या उदाहरणाकडे वळले. मी खाली बसले, पण डोक्यातून ते जाईना. कोणतंही कसं घ्यायचं? विहीर खणायची असेल तर बारा माणसं एकदम आत उतरणार कुठं? बाजरीची सोंगणी असेल तर पंधरा दिवस कोण थांबतंय, तोवर पाखरं निम्मी कणसं खाऊन जातील. आणि कांद्याची लागण असेल तर तिथं ‘मजूर’ हा शब्दच आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. ‘किती बाया लागतील?’ असंच विचारायचे.

पुढं एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी वाचनालयाला जोडून असलेल्या अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसते. तिथं बहुतेक मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करणारी. काळ-काम-वेग, गुणोत्तर-प्रमाण, नळ आणि हौद, भागीदारी ही प्रकरणं घेऊन येतात. त्यांना आकडेमोड येत नाही असं नाही. गुणाकार-भागाकार ती माझ्यापेक्षा वेगानं करतात. अडतात ती वाक्यापाशी. म्हणून पेन उचलायच्या आधी मी त्यांना तोच प्रश्न विचारायला लावते, जो मी सातवीत विचारला होता.

मला त्याचं उत्तर शाळेत मिळालं नव्हतं, घरी मिळालं होतं.

माझं माहेर मनमाडच्या पुढं, नांदगावच्या अंगाला. दीड एकर जमीन, वाटणीची विहीर, आणि त्यावर भागत नाही म्हणून आई दुसऱ्याच्या शेतावर जायची. उन्हाळी कांद्याची लागण मार्गशीर्ष-पौषात येते. तेव्हा आईच्या हाताखाली आठ बायांची टोळी असायची. आई दुसरीपर्यंत शिकलेली. पण पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे, तिला तोंडपाठ होत्या, आणि ती त्या मनातल्या मनात म्हणत असली की तिचे ओठ हलायचे.

संध्याकाळी बागायतदार आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. पहिला प्रश्न एकच : ‘रोजानं की उक्तं?’ रोजानं म्हणजे दिवसाचे ठरलेले पैसे, काम होईल तेवढं होईल. उक्तं म्हणजे सगळ्या एकराचे मिळून इतके, मग तुम्ही ते दोन दिवसांत संपवा नाहीतर पाच. आई लगेच आकडा सांगायची नाही. आधी रान बघून यायची. वाफे सपाट आहेत का, रोप जाड आहे की लवलवीत, पाटाचं पाणी वेळेवर येणार का, गावापासून चालत जायला किती वेळ जातो, टोळीतली कोण आजारी आहे, कुणाचं लेकरू अंगावर पितंय. हे सगळं पाहून मग ती म्हणायची, ‘बावीस रोज बसतील.’ बावीस रोज म्हणजे बावीस बायांचं एका दिवसाचं काम, किंवा एका बाईचं बावीस दिवसांचं. शाळेत ज्याला आम्ही ‘मजूर गुणिले दिवस’ म्हणायचो ते हेच. बारा मजूर, पंधरा दिवस, म्हणजे एकशेऐंशी रोज. दहा मजूर असतील तर अठरा दिवस. पण पुस्तकातलं काम कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि आई पाहून आल्याशिवाय रोज सांगत नव्हती.

साल १९७७ च्या आगेमागे. एक एकर उक्तं घेतलं होतं, अठ्ठ्याऐंशी रुपयांना. आठ बायांनी तीन दिवसांत लागण उरकली. सहा जणी तिन्ही दिवस आल्या. एकीच्या घरी पाहुणे आले म्हणून तिचा अर्धा दिवस बुडाला, म्हणजे तिचे अडीच रोज. एक लेकुरवाळी होती, लेकराला ताप भरल्यामुळे ती दीडच रोज आली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळ्या आमच्या ओट्यावर जमल्या. मधोमध कंदील. आईनं बागायतदाराकडून मुद्दाम सुटे रुपये मागून आणले होते.

तिनं घरातून चिंचोक्यांचा डबा आणला. ‘अर्ध्या रोजाला एक चिंचोका,’ म्हणाली. सहा जणींपुढे सहा-सहा चिंचोके मांडले, अडीच रोजवालीपुढे पाच, लेकुरवाळीपुढे तीन. ज्याचे त्याचे चिंचोके ज्यानं त्यानं मोजून बघितले. मग आईनं कंदिलाच्या उजेडात प्रत्येक चिंचोक्यावर एक-एक रुपया ठेवत एक फेरी केली. फेरी संपली, पैसे उरलेच होते. तिनं दुसरी फेरी केली. शेवटच्या चिंचोक्यावर शेवटचा रुपया ठेवला आणि तिचा हात रिकामा झाला. कुणी भागाकार केला नव्हता. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही दिसत होतं की एका चिंचोक्यावर दोन रुपये आहेत, म्हणजे एका रोजाचे चार.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. सहा त्रिक अठरा, अधिक अडीच, अधिक दीड, बावीस. अठ्ठ्याऐंशी भागिले बावीस, चार. तिघी-चौघींच्या रकमा काढून बघितल्या : बारा, दहा, सहा. ओट्यावर पडलेल्या रुपयांशी जुळल्या. एकमान पद्धत गुरुजींनी शिकवली होती, ‘आधी एकाचे काढा’ हे वाक्य मी पन्नासदा लिहिलं होतं. त्या रात्री ते ‘एकाचे’ म्हणजे काय ते मी बोटांनी उचलून पाहिलं. तो गुळगुळीत, तपकिरी चिंचोका होता.

पण रात्र तिथं संपली नाही. टोळीतली एक जण म्हणाली, ‘आक्का, हिचा हात बघ किती चालतो. दीड रोजात हिनं जेवढे वाफे लावले तेवढे म्हातारीनं तीन रोजात लावले. वाफ्यावर वाट की.’ म्हातारी काही बोलली नाही, पुढ्यातले रुपये तसेच ठेवून बसली. लेकुरवाळीही खाली बघत होती. तिला पैशांची गरज सगळ्यांत जास्त होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आई म्हणाली, ‘हात नको बघू. दिस बघ. वाकून उभं राहायला सगळ्यांना सारखंच लागतं.’ थोडं थांबून म्हणाली, ‘वाफ्यावर वाटायचं तर पहिल्या दिशी ठरवायला लागतं.’ मग कुणी वाद घातला नाही.

आज मला वाटतं, गुणोत्तराबद्दल याहून नेमकं मी कुठं ऐकलेलं नाही. वाफ्यांच्या प्रमाणात वाटले असते तरी गणित बरोबर आलं असतं, दिवसांच्या प्रमाणात वाटले तरी बरोबर आलं. बेरीज दोन्हीकडे अठ्ठ्याऐंशीच. कशाच्या प्रमाणात वाटायचं हे आकड्यांत लिहिलेलं नसतं, ते माणसांनी बसून ठरवावं लागतं, तेही काम सुरू व्हायच्या आधी. भागीदारीच्या उदाहरणात ‘नफा भांडवल आणि काळ यांच्या प्रमाणात वाटला’ असं एक वाक्य असतं. मुलं त्यावरून नजर फिरवून थेट आकड्यांवर जातात. मी त्यांना तिथं थांबवते. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, दुसऱ्या कशाच्या प्रमाणात वाटता आलं असतं का? एवढं बोलून झालं की पुढचं गणित ती स्वतःच करतात.

त्या एका एकराचा हिशेब मी खूप नंतर, शिक्षिका झाल्यावर एकदा मांडून पाहिला. कांद्याच्या दोन ओळींत १५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १० सेंटीमीटर, अशी शिफारस असते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वरंबे आणि पाट वजा करून अडीच लाख रोपं धरली, तरी बावीस रोजांत वाटल्यावर एकेका बाईच्या वाट्याला दिवसाला अकरा हजारांहून जास्त रोपं येतात. आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे अडीच सेकंदाला एक रोप. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी एकेक रोप सुटं करून चिखलात दाबायचं, पाय मागं घ्यायचा, पुन्हा दाबायचं. पाणी गार, वर पौषातलं ऊन. आई घरी आली की तिच्या उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं असायचं आणि त्याच्याभोवतीची कातडी पांढरी, सुरकुतलेली. फळ्यावरच्या ‘एक काम’ या दोन शब्दांत हे सगळं मावत होतं.

आता त्या बावीस रोजांचं पुढचं. चव्वेचाळीस बाया आणल्या तर काम अर्ध्या दिवसात होईल का? होईल, रोप पुरवणारी माणसं वाढवली तर. दोनशेवीस बाया आणल्या तर? व्यस्त प्रमाणानं अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. पण एका एकरात दोनशेवीस बाया वाकून उभ्या राहिल्या तर त्यांच्याच पायांखाली लावलेली रोपं जातील. आणि उलटीकडून, एकच बाई बावीस दिवस लावत बसली तर? उपटलेलं रोप बावीस दिवस वाट बघत नाही. गणित यात खोटं बोलत नाही. ‘सर्वांचा वेग सारखा आणि कायम आहे’ अशी एक अट ते मनात धरून चालतं, आणि पुस्तकात जागा वाचवायला ती लिहीत नाहीत. मुलांना ती अट सांगितली पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं. नाहीतर शेतकऱ्याच्या पोरांना पहिल्याच उदाहरणात वाटतं की हे आपल्या जगातलं नाही, आणि ती मनातून उठून जातात. रोजानं काम असलं की हात एका गतीनं चालतो, उक्तं असलं की दुसऱ्या, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. वेग कायम नसतो हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं.

विहिरीचंही तसंच. आमच्या वाटणीच्या विहिरीत वडिलांचा चार आणे हिस्सा होता. नाण्यांतून आणे १९५७ मध्ये गेले, विहिरीतून गेले नाहीत. रुपयातले चार आणे म्हणजे चौथा हिस्सा, आणि पाणी काही पातेल्यानं मोजून वाटता येत नाही, म्हणून ते वेळेत वाटायचं : चार दिवसांतून एक दिवस आमची पाळी. पुढं वडिलांचे एक चुलतभाऊ वारले आणि त्यांचे चार आणे तीन मुलांत वाटले गेले. एका आण्याचे बारा पै, चार आण्यांचे अठ्ठेचाळीस, तिघांत सोळा-सोळा. म्हणजे प्रत्येकाला एक आणा चार पै. ऐकायला अवघड, पण पाळी सरळ होती : प्रत्येकाला बारा दिवसांतून एकदा मोटर. गुणोत्तर वेळेत उतरवणं म्हणजे काय, हे आमच्या भावकीत पाचवीतलं पोरही सांगू शकलं असतं. आमच्या भागात दुष्काळाची चर्चाही पैसेवारीवर चालते. पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही, यावर गावाचं वर्षभराचं नशीब ठरतं. तेही एक गुणोत्तरच, आलेल्या पिकाचं यायला हव्या असलेल्या पिकाशी.

चैत्रात विहीर खाली जायची. पाळीच्या दिवशी मोटर सुरू केली की बरोबर दोन तासांत तळ दिसायचा, मोटर बंद करावी लागायची. मग बावीस तासांत झऱ्यांनी विहीर पुन्हा पहिल्या खुणेपर्यंत भरायची. मी नववीत असताना वडिलांनी एकदा बांधावर बसल्या-बसल्या विचारलं, ‘मोटर चालू असते तेव्हाबी झरे वाहतेतच ना? मग झरे नसते तर किती वेळ चालली असती?’ वही जवळ नव्हती, मातीत काडीनं मांडलं. विहिरीत बावीस मापं पाणी आहे असं धरलं, म्हणजे झरे तासाला एक माप भरतात. दोन तासांत मोटरीनं विहिरीतली बावीस मापं उपसली, आणि त्या दोन तासांत झऱ्यांनी भरलेली दोनही. एकूण चोवीस. तासाला बारा. झरे नसते तर बावीस मापांना बावीस भागिले बारा, एक तास पन्नास मिनिटं.

‘म्हणजे दहा मिनिटं झऱ्यांची,’ वडील म्हणाले. ‘मेथीचा एक वाफा.’

नंतर त्यांनीच सांगितलं की झरा काही दिवसभर सारखा वाहत नाही. विहीर रिकामी असली की पळतो, भरत आली की रेंगाळतो. खरं आहे ते. बाहेरच्या पाण्याची पातळी आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी यांत फरक जितका जास्त तितका पाणी आत येण्याचा जोर जास्त. म्हणजे ती दहा मिनिटं बहुधा त्याहून काही जास्तच असावीत, कारण उपसताना विहीर रिकामी होत गेलेली असते. मातीतलं गणित त्यांना पटलंही होतं आणि ते कुठं अपुरं आहे हेही दिसत होतं, आणि या दोन गोष्टींचं त्यांच्या मनात काही भांडण नव्हतं.

पुढं बी.एड.ला असताना भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मला आमच्या विहिरीची बहीण भेटली. इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला, त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. त्यात एका वापीचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, उदाहरण आहे. चार झरे. एक एकटाच सोडला तर वापी एका दिवसात भरते, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एकतृतीयांश दिवसात, चौथा एकषष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर दिवसाच्या किती भागात भरेल? इथं अडखळणारा माणूस हे अपूर्णांक एकमेकांत मिळवायला जातो. मिळवायचं वेगळंच असतं. ‘एका वापीला किती वेळ’ हा प्रश्न उलटा धरायचा आणि ‘एका दिवसात किती वाप्या’ असं विचारायचं. पहिला झरा एक, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. एकूण बारा वाप्या दिवसाला. म्हणून एक वापी दिवसाच्या बाराव्या भागात. साठ घटकांचा दिवस धरला तर पाच घटका, आपले दोन तास. वेळा मिळवता येत नाहीत, कामं मिळवता येतात. नळ आणि हौदाचं अख्खं प्रकरण एवढ्यात आलं.

त्रैराशिकाचे, म्हणजे माहीत असलेल्या तीन संख्यांवरून चौथी काढायच्या रीतीचे, तीन शब्द मला त्याहून आवडले : प्रमाण, फल आणि इच्छा. माहीत असलेलं माप ते प्रमाण, त्यातून मिळालेलं ते फल, आणि आपल्याला ज्याचं हवं आहे ती इच्छा. आमच्या पुस्तकात इथं नुसता ‘क्ष’ होता. आणि लगेच पुढं व्यस्त त्रैराशिकाची ओळख : जिथं इच्छा वाढली की फळ घटतं आणि इच्छा घटली की फळ वाढतं, तिथं उलट रीत वापरावी. म्हणजे आधी वाढतंय की घटतंय हे ओळखायचं, रीत नंतर. सगळं जग जसं नारायणानं व्यापलं आहे तसं सगळं गणित त्रैराशिकानं व्यापलं आहे, असंही भास्कराचार्यांनी म्हटलं आहे. आणे-पै, चिंचोके आणि पाणीपाळीत वाढलेल्या मला ते पटायला काही वेळ लागला नाही.

एका वर्षी शाळेची सहल चाळीसगावजवळच्या पाटण्याला नेली होती. तिथल्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याचा तो लेख. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाच्या शेवटी जुनी मराठी येते, आणि त्यात पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता तो मठाला दिल्याची नोंद आहे. मुलं बिबट्याच्या गोष्टी आणि डोंगरातला धबधबा यांत रमली होती. मी त्या दगडापुढं बराच वेळ उभी राहिले. गणित शिकवणारं ते घर बाजारातल्या मालाच्या एका हिश्श्यावर चालत होतं.

आता अभ्यासिकेतली गोष्ट. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. यामुळे मुलं ‘ट्रिक’च्या मागं लागतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मी म्हणणार नाही. चोपन्न सेकंदांत कुणाला चिंचोके मांडायला वेळ नाही. पण ट्रिक कशातून आली हे न सांगता ती हातात देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका शिकवणीच्या वहीत लिहिलेलं होतं : ‘एकत्र काम, गुणाकार भागिले बेरीज.’ दोघांसाठी ते बरोबर आहे. एक जण १० दिवसांत, दुसरा १५ दिवसांत, तर दोघं मिळून दीडशे भागिले पंचवीस, सहा दिवस. पण तिसरा माणूस आला, ३० दिवसांत काम करणारा, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला, साडेचार हजार, त्याला पंचावन्ननं भागलं आणि उत्तर लिहिलं ब्याऐंशी दिवस.

मी म्हटलं, ‘दोघं मिळून सहा दिवसांत करत होती. मदतीला तिसरा आला, आणि आता ब्याऐंशी?’

एकदम शांतता झाली. ही शांतता मला आवडते. मुलं पहिल्यांदाच वाक्याकडे बघत असतात.

‘काम कोणतं आहे?’ मी विचारलं. कुणीतरी म्हणालं, ‘दिलेलं नाही, मॅडम.’ ‘मग आपण देऊ. तीस वाफे कांदा लावायचाय. तीसच का? कारण दहा, पंधरा आणि तीस, तिघांनाही तो आकडा सरळ भागतो.’ मग पहिला दिवसाला तीन वाफे, दुसरा दोन, तिसरा एक. तिघं मिळून सहा. तीस वाफे पाच दिवसांत. चोपन्न सेकंदही लागले नाहीत. लसावि घेऊन काम मानायची ही रीत सगळ्या पुस्तकांत आहे, माझी नाही. मी त्या आकड्याला फक्त वाफे म्हणते.

त्याच वर्गात एक मुलगी आहे. सकाळी साडेपाचला मैदानावर असते. मुलींना भरतीत ८०० मीटर पळावं लागतं, चारशेच्या मैदानाला दोन फेऱ्या. तिला सरासरी वेगाची उदाहरणं काही केल्या येत नव्हती. जाताना एक वेग, येताना दुसरा, आणि ती दोन्ही मिळवून दोननं भागायची. सूत्र सांगून झालं, पाठ करून झालं, परीक्षेत पुन्हा तेच.

एके दिवशी मी तिला तिच्याच वेळा विचारल्या. ‘काल पहिली फेरी किती?’

‘ऐंशी सेकंद.’

‘दुसरी?’

‘शंभर. दम लागला, मॅडम.’

फळ्यावर मांडलं. चारशे भागिले ऐंशी, सेकंदाला पाच मीटर. चारशे भागिले शंभर, चार मीटर. ‘सरासरी?’ तिनं झटकन साडेचार लिहिलं.

‘साडेचारनं ८०० मीटरला किती वेळ लागेल?’

तिनं भागलं. एकशे सत्त्याहत्तर पूर्णांक काहीतरी. जवळजवळ एकशे अठ्ठ्याहत्तर. ती थांबली. कालची तिची वेळ ऐंशी अधिक शंभर, एकशेऐंशी होती. दोन सेकंद कुठं गेले? दुसऱ्या कुणाला दोन सेकंद काहीच वाटले नसते. मैदानावर दोन सेकंदांसाठी ती महिनाभर पळत असते. तिनं पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मला दिसत होतं की ती मनात पुन्हा ती दुसरी फेरी पळते आहे. वळणावर पाय जड होतात तिथपर्यंत आली असावी.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘पाचच्या वेगात मी ऐंशीच सेकंद होते. चारच्या वेगात शंभर सेकंद होते. दोन्हीला सारखं कसं धरायचं?’

मी काही बोलले नाही. तिनं स्वतःच आठशे भागिले एकशेऐंशी केलं, चार पूर्णांक चव्वेचाळीस लिहिलं, आणि त्याच्याभोवती गोल केला.

चार दिवसांनी सकाळी पावणेसातला फोनवर तिचा संदेश आला. ‘दोन्ही फेऱ्या ८८. आता कशीही सरासरी काढा, मॅडम.’